ओव्हरीतली सिस्ट: थांबायचं कधी आणि काढायची कधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं वय ३३, एक मूल आहे, दुसऱ्याचा विचार चालू आहे. ओटीपोटात उजवीकडे दुखलं म्हणून पाळीच्या २२व्या दिवशी सोनोग्राफी केली, तर उजव्या ओव्हरीत ५.४ सेंटिमीटरची सिस्ट निघाली. एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढून टाकायला सांगितलं, दुसऱ्यांनी दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू म्हटलं. मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून सीए-१२५ ही, ओव्हरीच्या कॅन्सरचा संशय असताना करतात ती, रक्ततपासणी केली, ती ५२ आली आणि घरातली झोप उडाली. त्या भीतीपोटी आईंचीही सोनोग्राफी केलीत. त्यांचं वय ६१, पाळी जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या डाव्या ओव्हरीत ३.६ सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ, सीए-१२५ फक्त ११. आता नातेवाईक म्हणताहेत की या वयात पिशवीसकट सगळं काढून मोकळं व्हावं. तुम्ही विचारता: कोणाचं ऐकायचं, आणि गाठ औषधाने विरघळते का?

मी २६ वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. तुमच्या दोघींचे रिपोर्ट तुम्ही शब्दशः लिहून पाठवलेत, हे फार बरं केलंत. बहुतेक जणी फक्त आकडा सांगतात. 'डॉक्टर, पाच सेंटिमीटरची आहे हो!' आकड्याची भीती वाटते हे मला कळतं. पण ओव्हरीतल्या गाठीबद्दलचा निर्णय फक्त आकड्यावरून करता येत नाही. गाठ आतून कशी दिसते, ती कोणाच्या पोटात आहे, त्या बाईला काय त्रास होतो आणि काही आठवड्यांनी ती गाठ कशी वागते, या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की उत्तर बहुतेक वेळा आपोआप दिसतं.

ओव्हरी हा अवयव दर महिन्याला स्वतःच एक छोटी सिस्ट तयार करतो. पाळी आल्यावर एक बीजपुटक वाढायला लागतं, त्यात पाणी साठतं आणि साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरचं झालं की ते फुटून बीज बाहेर पडतं. ही रोगाची खूण नव्हे, हे बाईच्या शरीराचं नेहमीचं काम आहे. कधी ते पुटक वेळेवर फुटत नाही, वाढत राहतं, चार-पाच सेंटिमीटरपर्यंत जातं. कधी फुटतं, पण बीज गेल्यावर उरलेल्या जागेत थोडा रक्तस्राव होऊन ती जागा फुगते. पहिल्या प्रकाराला आम्ही फंक्शनल सिस्ट म्हणतो, दुसऱ्याला हेमोरेजिक सिस्ट. पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत सापडणाऱ्या गाठींत या दोघींचा वाटा मोठा असतो, आणि दोन्ही बहुतेक वेळा सहा-आठ आठवड्यांत आपल्या आपण जिरून जातात.

तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की गाठीची भिंत पातळ आहे, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, आणि डॉपलरवर आतल्या भागात रक्तप्रवाह नाही. ताई, हे हेमोरेजिक सिस्टचं अगदी पाठ्यपुस्तकातलं वर्णन आहे. त्या रेषा म्हणजे गोठलेल्या रक्ताचे धागे. त्यात तुमची सोनोग्राफी २२व्या दिवशी झालेली, म्हणजे बीज बाहेर पडून आठवडा उलटल्यावर. अशा गाठी दिसायची वेळच ती. दुखणं अचानक सुरू होऊन दोन-तीन दिवसांत कमी झालं, हेही त्यात बसतं.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पाळी चालू असलेल्या बाईत पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, पण नेमकी अशी दिसणारी गाठ असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, हा जगभर मान्य असलेला मार्ग आहे. पहिल्या डॉक्टरांनी तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. पाच सेंटिमीटरवरची गाठ काढायची, ही शिकवण आमच्या आधीच्या पिढीत पक्की होती आणि सोनोग्राफीची यंत्रं तेव्हा आजच्याइतकी स्पष्ट चित्र दाखवत नव्हती. पण आज त्या गाठीवर ऑपरेशन केलं तर बहुधा दोन महिन्यांत आपोआप जाणार होती तीच गोष्ट आपण भूल देऊन काढू, आणि तिच्याबरोबर ओव्हरीचा निरोगी थरही थोडाफार जाईल. दुसरं मूल हवं असताना तो थर मोलाचा आहे.

पुढची सोनोग्राफी कधी करायची, हे मात्र नीट ठरवा. 'दोन महिन्यांनी' म्हणजे कॅलेंडरवरची कुठलीही तारीख नव्हे. पाळी आल्यानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान करा. त्या काळात नवं पुटक अजून लहान असतं, त्यामुळे जे दिसेल ते जुनंच आहे हे खात्रीने सांगता येतं. चुकीच्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत जुनी गाठ गेलेली असते आणि नवी दिसते. रिपोर्टवर 'गाठ अजून आहे' असं येतं आणि सहा महिने हाच खेळ चालतो. माझ्याकडे अशा जाडजूड फाइली घेऊन येणाऱ्या मुली असतात. प्रत्येक रिपोर्टवर पाळीची तारीख लिहून बघितली की कळतं, डावी-उजवी बाजूसुद्धा बदलत गेलेली आहे. जमल्यास त्याच सेंटरवर, योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्या. पोटावरून केलेल्या तपासणीत आतलं बारीक चित्र तेवढं दिसत नाही. अविवाहित मुलींची तपासणी आपण लघवी भरवून पोटावरून करतो, आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

आता त्या ५२ बद्दल. सीए-१२५ चा ३५ पर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात, म्हणून लॅबच्या कागदावर तुमचा आकडा ठळक छापला गेला. पण ही तपासणी फक्त कॅन्सरची नाही. पोटाच्या आतल्या आवरणाला कशानेही त्रास झाला की हा आकडा वाढतो. पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, फायब्रॉइडने वाढतो, एंडोमेट्रिओसिसने वाढतो, जंतुसंसर्गाने वाढतो. उलट बाजू अशी की ओव्हरीच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यात साधारण निम्म्याच स्त्रियांमध्ये तो वाढलेला आढळतो. म्हणजे पाळी चालू असलेल्या बाईत तो वाढला म्हणून घाबरण्यात अर्थ नाही आणि नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होण्यातही नाही. गाठ साधी दिसत असेल तर तुमच्या वयात ही तपासणी करायचीच गरज नसते. तुम्हाला मी ती पुन्हा करायला सांगणार नाही. दोन महिन्यांनी गाठ गेलेली असेल तर तो कागद फाइलमध्ये ठेवा आणि विसरा.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आणि पेशंटनी कायम ध्यानात ठेवली पाहिजे, ती म्हणजे पोटाचा टीबी. माझ्याकडे एक २६ वर्षांची मुलगी आली होती. पोटात पाणी, ओव्हरीजवळ गाठ, वजन उतरलेलं आणि सीए-१२५ चारशेच्या वर. घरच्यांना कॅन्सर सांगितला गेला होता, आई-वडील जमीन विकायच्या तयारीत होते. आम्ही दुर्बिणीतून आत पाहिलं तर आतड्यांवर आणि आवरणावर ज्वारीच्या दाण्यांसारखे बारीक पांढरे ठिपके पसरलेले. तुकडा तपासला, टीबी निघाला. टीबीची औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळाली, कोर्स पूर्ण केला आणि मुलगी बरी झाली. तुकडा न तपासता नुसत्या आकड्यावर कोणी कॅन्सर म्हणत असेल तर थांबा आणि दुसरं मत घ्या, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकीला सांगते.

गाठ कशी दिसते यावर इतका भर का देते, ते सांगते. आतून काळी स्वच्छ, म्हणजे फक्त पाणी असलेली, एकच कप्पा, पातळ गुळगुळीत भिंत: ही साधी सिस्ट. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे ७२ हजार स्त्रियांच्या सोनोग्राफी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या आतल्या जवळपास चौथाई स्त्रियांमध्ये आणि पन्नाशीपुढच्या सुमारे १३ टक्के स्त्रियांमध्ये साध्या सिस्ट दिसल्या. म्हणजे ज्या गोष्टीने तुमच्या घरात रडारड झाली ती शेजारच्या दर सात-आठ आजींपैकी एकीच्या पोटात असू शकते, फक्त कोणी पाहिलेली नसते. आणि त्या साध्या सिस्टचा पुढे कॅन्सरशी संबंध जवळजवळ दिसलाच नाही.

ज्या गाठीत घट्ट मांसल भाग आहे, आतल्या भिंतीवर फुलकोबीसारखे कोंब आहेत, कप्प्यांच्या भिंती जाड आणि वाकड्यातिकड्या आहेत, मांसल भागात रक्तप्रवाह भरपूर आहे, किंवा गाठीबरोबर पोटात पाणीही आहे, ती गाठ तीन सेंटिमीटरची असली तरी मला आठ सेंटिमीटरच्या साध्या गाठीपेक्षा जास्त काळजीची वाटते. रेडिऑलॉजिस्ट मंडळी आता रिपोर्टवर ओ-रॅड्स असा आकडा लिहू लागली आहेत. त्यातला २ म्हणजे कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५० टक्के आणि ५ म्हणजे ५० टक्के किंवा त्याहून जास्त. तुमच्या रिपोर्टवर तो नसेल तर सेंटरला विचारायला संकोच करू नका.

साध्या गाठींसाठी पाळी चालू असलेल्या स्त्रियांत इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मांडणी मला व्यवहारात सोपी वाटते. पाच सेंटिमीटरपर्यंत साधी गाठ असेल तर पुन्हा पाहायचीही गरज नाही. पाच ते सात असेल तर वर्षाने एकदा सोनोग्राफी. सातच्या वर गेली तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार, कारण इतक्या मोठ्या गाठीचा प्रत्येक कोपरा सोनोग्राफीत नीट दिसत नाही. यातलं पहिलं वाक्य पुन्हा वाचा. 'काही करायची गरज नाही' हेही एक वैद्यकीय उत्तर आहे. चार सेंटिमीटरच्या साध्या सिस्टसाठी दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करत राहणं म्हणजे त्या मुलीचा जीव विनाकारण टांगणीला लावणं.

थांबणं सुरक्षित आहे का, याचं उत्तरही आता आकड्यांत उपलब्ध आहे. युरोपातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून १,९१९ स्त्रियांचा पाठपुरावा केला. या सगळ्यांच्या गाठी सोनोग्राफीत निरुपद्रवी दिसत होत्या आणि ऑपरेशन न करता लक्ष ठेवलं होतं. दोन वर्षांत सुमारे २० टक्के गाठी आपोआप नाहीशा झाल्या. गाठीमुळे ओव्हरीला पीळ बसण्याचं प्रमाण ०.४ टक्के, गाठ फुटण्याचं ०.२ टक्के आणि पुढे कॅन्सर निघण्याचंही ०.४ टक्के. शून्य नाही, हे मी लपवणार नाही. म्हणूनच लक्ष ठेवायचं असेल तर ते तारीख लिहून ठेवायचं. 'बघू पुढे' हा पाठपुरावा नव्हे.

औषधाने गाठ विरघळते का? फंक्शनल सिस्टसाठी पूर्वी आम्हीही सर्रास हार्मोनच्या गोळ्या, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या तीन महिने देत असू. नंतर वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र तपासणी झाली तेव्हा दिसलं की गोळ्या घेणाऱ्यांच्या आणि न घेणाऱ्यांच्या गाठी सारख्याच वेगाने जातात. गोळ्यांनी नवी गाठ होण्याचं प्रमाण कमी होतं, आहे ती गाठ लवकर जात नाही. काढे, एरंडेलाच्या पट्ट्या, अमुक चूर्ण यांचंही तसंच आहे: ज्या गाठी स्वतःहून जाणार असतात त्या गेल्या की त्या काळात जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. मी कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही, पण डर्मॉइड (तिच्याबद्दल पुढे सांगते) किंवा मांसल गाठ असताना सहा महिने काढ्यावर काढणं धोक्याचं आहे.

आणि कृपया पीसीओडी आणि ही गाठ यांची गल्लत करू नका. पीसीओडीत ओव्हरीच्या कडेने माळेसारखी दिसतात ती लहान बीजपुटकं असतात, गाठी नव्हेत. त्यांना काढायचं नसतं, त्यांचा उपचारच वेगळा.

ज्या गाठी आपोआप जात नाहीत त्यांत दोन नावं आपल्याकडे वारंवार ऐकू येतात. पहिली डर्मॉइड. ओव्हरीतल्या बीजपेशींपासून ही बनते, त्यामुळे आत चरबी, केस, कधी दातसुद्धा निघतो. ते पाहून लोक घाबरतात, पण बहुतेक डर्मॉइड निरुपद्रवी असतात आणि फार हळू वाढतात, वर्षाला दोन मिलिमीटरच्या आसपास. दहातल्या एखाद्या बाईत दोन्ही बाजूंना असते. पाच सेंटिमीटरहून लहान असेल, त्रास नसेल, तर वर्षातून एकदा बघत राहता येतं. मोठी असेल तर मी काढायला सांगते, कारण ही गाठ जड असते आणि ओव्हरीला पीळ पाडायची तिला सवय असते.

दुसरी चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची गाठ. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर ओव्हरीत वाढतो, दर पाळीला तिथेही रक्त झिरपतं, आणि साठून ते पातळ चॉकलेटसारखं दिसतं. इथे निर्णय सगळ्यात अवघड असतो आणि इथेच घाईने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ही गाठ ओव्हरीला चिकटून असते. सोलून काढताना चांगली बीजंही जातात, आणि ऑपरेशननंतर एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा खाली येतो. माझ्याकडे तिसऱ्या ऑपरेशननंतर आलेल्या मुली आहेत. वय तिशीचं आणि बीजांचा साठा पंचेचाळिशीचा. म्हणून मूल हवं असलेल्या मुलीची चॉकलेट सिस्ट दिसली की लगेच ऑपरेशनची तारीख देणं मला मान्य नाही. दुखणं किती, वय किती, एएमएच किती, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लागणार आहे का, गाठ एका बाजूला की दोन्ही, हे सगळं पाहून ठरवायचं. केवळ आयव्हीएफचा निकाल चांगला यावा म्हणून आधी गाठ काढण्याचा फायदा दिसलेला नाही. दुखण्यासाठी डायनोजेस्टसारखी गोळी अनेकींना वर्षानुवर्षं उपयोगी पडते. मात्र दुखणं गोळीने आवरत नसेल, गाठ वाढत असेल किंवा आत मांसल भाग दिसला, तर ऑपरेशन करायचं, आणि ते एकदाच, अनुभवी हातांनी.

आता ज्या परिस्थितीत एक तासही थांबायचं नाही ती सांगते. ओव्हरीला पीळ बसणं. अचानक, एका बाजूला, असह्य कळ येते, उलट्या होतात, कळ थोडी कमी होते आणि पुन्हा येते. उजवीकडे हे प्रमाण जास्त, कारण डावीकडे मोठ्या आतड्यामुळे ओव्हरीला फिरायला जागा कमी मिळते. एकोणीस वर्षांची एक हॉस्टेलवरची मुलगी संध्याकाळी गॅस झाला म्हणून सोडा पिऊन झोपली, रात्री मुतखडा समजून इंजेक्शन दिलं गेलं, सकाळी माझ्याकडे आली. आत ओव्हरी जांभळी-काळी झालेली होती. पूर्वी अशी ओव्हरी काढूनच टाकत. आम्ही पीळ सोडवला, गाठीतलं पाणी काढलं आणि ओव्हरी जागेवर ठेवली. दोन महिन्यांनी सोनोग्राफीत त्याच ओव्हरीत नवी बीजपुटकं दिसली. काळी दिसली म्हणजे मेली असं नसतं, हे तरुण मुलीच्या आई-वडिलांनी संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावं. आणि डॉपलरवर रक्तप्रवाह दिसतोय म्हणून पीळ नाही असंही समजू नये. प्रवाह दिसत असतानाही पीळ असू शकतो. गाठ असलेल्या बाईला अशी कळ आली तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाला आणि चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेही तसंच. तुमच्या पुढच्या दोन महिन्यांसाठी हे दोनच धोक्याचे इशारे आहेत. बाकी घरकाम, नोकरी, प्रवास सगळं करा. फक्त उड्या, धावणं आणि जड उचलणं तेवढं टाळा.

लहान मुलींत आणि विशीच्या आतल्या मुलींत मांसल गाठ दिसली तर हिशेब वेगळा. तिथे सीए-१२५ ऐवजी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या करायच्या असतात, कारण त्या वयातले ट्यूमर वेगळ्या जातीचे असतात. ते औषधांना चांगली दाद देतात आणि दुसरी ओव्हरी व गर्भाशय वाचवून उपचार होऊ शकतात. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत दिसलेली गाठ बहुतेकदा गर्भाला आधार देणारीच असते, ती पुढे जिरते. काढायची वेळ आलीच तर चौथ्या-पाचव्या महिन्यात.

आता आईंकडे येते. पाळी गेलेल्या बाईत आम्ही एक साधा गुणाकार करतो. सोनोग्राफीतल्या संशयास्पद खुणांचे गुण, पाळी गेली असेल तर ३ (चालू असेल तर १), आणि सीए-१२५ चा आकडा, या तिन्हींचा गुणाकार. संशयाच्या खुणा पाच: अनेक कप्पे, मांसल भाग, दोन्ही बाजूंना गाठ, पोटात पाणी, इतरत्र पसरल्याचे डाग. एकही नसेल तर ० गुण, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. गुणाकार २०० च्या वर गेला तर कॅन्सरतज्ज्ञांकडे पाठवायचं. तुमच्या आईंच्या रिपोर्टमध्ये एकही खूण नाही, म्हणजे ० गुणिले ३ गुणिले ११. उत्तर शून्य. समजा त्यांच्या गाठीत दोन खुणा असत्या आणि सीए-१२५ ९० असतं, तर उत्तर ८१० आलं असतं आणि मी तुम्हाला याच आठवड्यात मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला किंवा जवळच्या स्त्रीकॅन्सर-शल्यचिकित्सकांकडे जायला सांगितलं असतं. पाळी गेल्यानंतर सीए-१२५ ला अर्थ येतो तो असा, चित्राच्या जोडीने.

पाच सेंटिमीटरच्या आतली, एका बाजूची, एकाच कप्प्याची, साधी गाठ आणि नॉर्मल रक्ततपासणी: यासाठी चार ते सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सीए-१२५ पुन्हा. वर्षभर तशीच राहिली किंवा लहान झाली तर पाठपुरावा संपला. गर्भाशय काढण्याचा तर इथे प्रश्नच येत नाही. गाठ ओव्हरीत आहे, गर्भाशयाचा त्यात दोष काय?

यावर मला थोडं बोलावंसं वाटतं. 'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं, आणि त्याच्या आधी 'नाहीतर कॅन्सर होईल' ही भीती घातलेली असते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याचा विषय पुढे आला, राज्य सरकारला समिती नेमावी लागली; तिशीतल्या बायकांनीही पिशव्या काढून घेतल्या होत्या. पंचेचाळिशीच्या आत पिशवीबरोबर ओव्हरीही काढली तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. अशा बायकांच्या गुडघ्या-कमरेचं दुखणं, अंगातून वाफा निघणं मी ओपीडीत पाहते. म्हणून 'काढून टाकू' असं कोणी म्हणालं तर एकच विचारा: 'नेमकं काय काढणार आणि का?' संमतीपत्रावर फक्त गाठ लिहिली आहे, एक ओव्हरी, दोन्ही ओव्हरी की गर्भाशयही, ते वाचून मगच सही करा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आईंच्या पिढीतल्या बायका दुखणं अंगावर काढतात. पोट फुगल्यासारखं वाटणं, दोन घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जावं लागणं, हे पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज राहिलं, तर ते गॅस म्हणून ओव्यावर काढायचं नाही. ओव्हरीचा कॅन्सर उशिरा सापडण्याचं मोठं कारण हेच, की त्याची सुरुवातीची लक्षणं अपचनासारखी असतात. घरात कोणाला, म्हणजे आईंच्या आईला, बहिणींना किंवा मावश्यांना स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झालेला असेल तर ते आम्हाला नक्की कळवा. अशा घरांत बीआरसीए, म्हणजे ज्यातल्या दोषाने हे कॅन्सर घराण्यात येतात त्या जनुकाची तपासणी सुचवतात आणि निर्णय बदलतो. पण काहीच त्रास नसलेल्या, घरात इतिहास नसलेल्या सगळ्या बायकांनी दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ करावी का? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर वर्षानुवर्षं हे करून पाहिलं गेलं, २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीए-१२५ घालणं मला म्हणून चुकीचं वाटतं.

समजा ऑपरेशनची वेळ आलीच, तर तीन गोष्टी. तरुण बाईत फक्त गाठ सोलून ओव्हरी वाचवता येते, बहुतेकदा दुर्बिणीतून. दोन-तीन दिवसांत घरी आणि दोन आठवड्यांत कामावर. गाठ प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून बाहेर काढायला सांगा, म्हणजे आतलं द्रव्य पोटात सांडत नाही. कॅन्सरचा संशय असेल तर गाठीत सुई घालून पाणी तपासायचा सल्ला ऐकू नका; एका कोपऱ्यात बंद असलेला आजार त्या सुईने पोटभर पसरू शकतो. साध्या गाठीतलं पाणी सुईने काढून टाकण्यानेही फार साधत नाही, ती पुन्हा भरते. आणि काढलेली गाठ, कितीही साधी दिसली तरी, पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. तो रिपोर्ट जपून ठेवा.

तर तुमच्यासाठी: येत्या दोन पाळ्या होऊ द्या, दुसरी आली की सातव्या-आठव्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी. गाठ गेली किंवा निम्मी झाली तर काही करायचं नाही, दिवस राहण्यासाठी प्रयत्न सुरू करा. तेवढीच राहिली, मोठी झाली किंवा आतलं चित्र बदललं, तर ती हेमोरेजिक नव्हतीच असं धरून चॉकलेट सिस्टच्या दृष्टीने पुन्हा विचार करू; तेव्हा एएमएच करून घ्या आणि लागलं तर एमआरआय. आईंची पुढची सोनोग्राफी पाच महिन्यांनी, त्याच सेंटरवर. दोघींचे आधीचे रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्या, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना जुना रिपोर्ट तपासणीआधी दाखवा, नंतर नाही. त्यांना जुनं माप समोर ठेवून त्याच दिशेने नवं माप घेता येतं.